हळदीच्या फोटोतली बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. परवान्यावर मला रिव्हॉल्व्हर म्हणतात, पण करंजाडे गावातल्या या घरात सगळ्यांच्या तोंडी बंदूकच. सरकारी कारखान्यात माझा जन्म झाला. घासूनपुसून मला बाहेर काढलं, तेव्हा वाटलं होतं की आपण कुणाचा तरी जीव वाचवू. नव्या नवलाईत सगळ्यांनाच असं काहीतरी वाटतं.

माझे मालक देवजी. त्यांची भातशेती गेली, तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या आणि देवजी बिल्डर झाले. एका जागेच्या भांडणात कुणीतरी धमकी दिली, म्हणून त्यांनी मला आणलं. धमकी देणारा पुढे त्यांचाच भागीदार झाला आणि मी कपाटात पडले. गावात कुणाची हळद असली की देवजी मला कमरेला लावून मिरवत. डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांना माझ्यासोबत फोटो हवे असत. देवजी गोळ्या काढून घेत आणि मी या हातातून त्या हातात फिरत असे. परवाना एकाचा आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती, हा गुन्हा आहे. पण हळदीत कायदा कोण विचारतो? एवढाच माझा पराक्रम.

देवजींची मुलगी नमिता रबाळ्याच्या एका औषध कंपनीत, लॅबमध्ये कामाला होती. घरातली पहिली नोकरदार बाई. तिला त्या कामाचा केवढा अभिमान! पण कंपनीपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता वाईट होता. कडेला कंटेनर उभे आणि खांबांवरचे दिवे बंद. संध्याकाळी ती सुटली की एक बाइकवाला तिच्या मागे मागे यायचा. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नसे. काळ्या टाकीवर रंगवलेला पिवळा वाघ तेवढा दिसायचा. एकदा त्याने तिची ओढणी खेचली. ती पडली, कोपर फुटलं. कंपनीत सांगितलं, तर दोघीतिघी मिळून जात जा म्हणाले.

त्या आठवड्यात तिने माझं कपाट उघडलं.

"बाबा, ही इथे नुसती पडून काय करते? मला पण लायसन काढून द्या. मी नीट शिकेन चालवायला."

देवजी हसले. "येडी हायस का? बाईमानसाच्या पर्समंदी बंदूक? कोनी पर्सच खेचली तं?"

"मग कमरेला लावेन. तुमच्यासारखी."

"टेन्शन कशाला घेतेस?" तिचा भाऊ रूपेश म्हणाला. "आमी हाव ना!"

देवजींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी ज्याच्या हाती, त्याची. झटापटीत हिसकावून घेतली असती, तर मी तिच्यावरही चालले असते. ते मला कळत होतं. तरी मला तिच्याबरोबर जायचं होतं. मला मागायला इतकं खरं कारण घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

मग रूपेशचं लग्न ठरलं. त्याच्या हळदीला नमिता करवली म्हणून नटली होती. पाहुण्यांना आत आणायला ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. दारात काळी बाइक उभी होती. टाकीवर पिवळा वाघ.

बाइकवाला होता रूपेशचा जिगरी दोस्त रणजीत. बाइक कुणाची, ते दारातल्या पोरांना विचारून नमिता धावत मांडवात आली, तेव्हा रूपेशने हळदीच्या हातांनी मला रणजीतच्या हातात दिलं होतं. तो मला कॅमेऱ्यासमोर रोखून उभा होता. त्याचं बोट माझ्या चापावर होतं. मला त्या हाताची किळस आली.

"बाबा, हाच तो!" नमिता ओरडली.

रणजीत जराही गडबडला नाही. "ताई, मी तुमच्या सेफ्टीसाठी मागून यायचो. रूपेशची बहीन ती माजी बहीन." चोराच्या उलट्या बोंबा!

"बघ," रूपेशचा जीव भांड्यात पडला, "उलट तो तुला सांबालत होता."

"सेफ्टीसाठी ओढणी खेचली? हे कोपर बघ माझं!"

"गप," देवजी दबक्या आवाजात म्हणाले. "पावने बगतात. हलदीत तमाशा नको."

डीजेचा आवाज वाढवला गेला. रणजीतला पहिल्या पंगतीत बसवून जेवायला वाढलं.

लग्न उरकल्यावर देवजींनी बंदोबस्त केला. रणजीतचा नव्हे. नमिताची नोकरी बंद केली. "जमाना वाईट हाय, पोरी," ते म्हणाले. तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला आणि तिचा डबा घासून फळीवर ठेवून दिला. नमिताचं कंपनीचं ओळखपत्र आता माझ्याच कपाटात, माझ्या शेजारी पडलं आहे. तिच्या जागी दुसरी मुलगी लागली आहे म्हणे. तीही त्याच रस्त्याने स्टेशनला जाते.

मित्रांनो, बायकांनी बंदूक बाळगावी की नाही, यावर तुम्ही शाळेत खुशाल वाद घाला. मला त्याचं उत्तर येत नाही. माझी एकच विनवणी आहे. घरातली मुलगी बोट दाखवून 'हाच तो' म्हणेल, तेव्हा निदान त्याच्या हातात मला राहू देऊ नका.