आप्पांच्या हातातला लाल झेंडा

मित्रांनो, मी एक जुना लाल झेंडा आहे. एरवी फडक्याला कोण विचारतो! पण आज माझा जीव नुसता तळमळतो आहे, म्हणून बोलतो.

भामाबाईंनी मला मांडवाच्या उरलेल्या कापडातून शिवलं. त्यांच्या मालकांना, हौसरावांना, सारा शिरूर तालुका आप्पा म्हणतो. बैलगाड्यांच्या शर्यतीत आप्पा घाटाच्या, म्हणजे बैल पळतात त्या धावपट्टीच्या, टोकाला मला उंच धरून उभे राहत. बैलांनी रेषा ओलांडली की मला झटक्यात खाली टाकत आणि त्याच क्षणी घड्याळ थांबे. "आप्पांचा झेंडा कधी खोटा पडला न्हाई," असं लोक म्हणत. मग आप्पांचा हात मिशीवर जाई आणि मीही फुगून जात असे.

पुढे शर्यती बंद झाल्या आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली. कसरीनं माझा एक कोपरा खाल्ला. शर्यती परत सुरू झाल्या तेव्हा वेळ मोजायला यंत्रं आली होती. आप्पांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, पण मला कुणी बाहेर काढलं नाही.

आणि मग यंदा दौंडहून निरोप आला. एकचाकी सायकलींच्या शर्यतीत मुलींच्या अंतिम फेरीला पंच म्हणून या, झेंडा घेऊन या. आप्पांनी मला स्वतः धुतलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

मैदानावर मुख्य पंच वैष्णवी मॅडम सगळ्यांची कामं समजावून सांगत होत्या. सुरुवातीची शिट्टी एकानं द्यायची. घड्याळवाल्यानं फक्त वेळ बघायची. रेषेवरच्या पंचानं फक्त चाक रेषेला कधी लागतं ते बघायचं. आणि झेंडेवाल्यानं आपल्या पट्ट्यातल्या मुलीचे पाय बघायचे. पाय जमिनीला टेकला तरच झेंडा वर करायचा, नाहीतर तो खालीच राहील. वर गेला की ती मुलगी बाद. एकानं दुसऱ्याच्या कामात बोलायचं नाही.

नेमकं तेव्हाच आप्पांना फेटा बांधणं चाललं होतं. आपल्याकडे पाहुण्याचा मान आधी, काम मागाहून! हातात नारळ, कपाळाला गुलाल, आणि आप्पा मान हलवत म्हणत होते, "व्हय व्हय, आमाला झेंडा काय नवा हाय का?"

आप्पांच्या पट्ट्यात खुटबावची मोनिका होती. तिचे वडील मल्हारी आदल्या दिवशीच मेंढरं भावाच्या हवाली करून आले होते. जी पहिली येईल, ती राज्याच्या संघात जाणार होती. मोनिकाचं वय पाहता पुढच्या वर्षी तिला या गटात उतरता येणार नव्हतं.

शिट्टी झाली. पोरगी हात पसरून अशी आली की मी बघतच राहिलो. सगळ्यांच्या पुढे, पाय पेडलवर घट्ट. आणि आप्पांच्या हाताला घाट आठवला! ती जवळ येताच त्यांनी मला उंच धरलं आणि चाक रेषेला लागताच दणक्यात खाली टाकलं. "आली रं आली!" आप्पा ओरडले.

वैष्णवी मॅडमनी मला वर गेलेलं पाहिलं होतं. मोनिका बाद झाली.

मल्हारी धावत आले. "मॅडम, माझी पोर पडली न्हाई वो!"

मॅडमनी एकेकाला विचारलं. शिट्टीवाला लांब, सुरुवातीलाच उभा होता. घड्याळवाल्याची नजर घड्याळावर होती. रेषेवरच्या पंचानं चाक पाहिलं, मागचं काही नाही. ज्यानं त्यानं आपापलं काम चोख केलं होतं. पाय बघायचं काम एकट्या आप्पांचं होतं.

"आप्पा, तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या. "तिचा पाय टेकला का? यात मलाही बोलता येत नाही."

आता आप्पांना चूक कळली. मागून आप्पांसोबत आलेली शिरूरची मंडळी म्हणाली, "आप्पांचा झेंडा कधी खोटा न्हाई, मॅडम!"

सांगा आप्पा, सांगा, मी मनात आक्रोश करत होतो. मला तोंड असतं तर!

मल्हारींनी हात जोडले. "आप्पा, तुमी म्हनाल ते खरं. पडली का माझी पोर?"

आप्पांनी नजर वळवली. "झेंडा वर गेला म्हंजी गेला," ते म्हणाले.

मोनिका रडली नाही. आप्पांच्या हातातून मी गळून पडलो होतो. तिनं मला उचललं, माती झटकली आणि म्हणाली, "आप्पा, तुमचा झेंडा ऱ्हायला."

परतताना जीपमध्ये मंडळी पेंगत होती. आप्पांनी मला मांडीवर घेतलं, फेटा काढून ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोर पडली न्हवती रं. पाय टेकला न्हवता तिचा."

मित्रांनो, एक विनंती आहे. हातात काम घ्याल तेव्हा ते नीट विचारून घ्या, मान नंतर मिळाला तरी चालेल. आणि चूक झाली, तर जिचं नुकसान झालं तिला सांगा. मला सांगू नका. मी फडकं आहे, मला मैदानात परत जाऊन बोलता येत नाही.