नळीतली तांबूस झाक
गुंडी काजात अर्धी शिरली आणि तिथेच अडकली—निळी, चार भोकांची, एरवी न बघता लावली जायची ती—आणि बायकोचा उजवा अंगठा तिच्यावरून पुन्हा पुन्हा घसरत राहिला. त्याने हात पुढे केला, मागे घेतला, शेवटी न राहवून लावूनच टाकली. दारातून ताईने, त्याच्या थोरल्या बहिणीने, डोळे वटारले. लावू दे की तिची तिला, हे तिचं रोजचं पालुपद. ताईला सगळं सोपं होतं. ताईला आकडा माहीत नव्हता.

आकडा त्यालाच तेवढा माहीत होता, आणि खरं तर त्यालाही माहीत असायला नको होता... मेंदूतली गुठळी तारेने ओढून काढली की दुसऱ्या दिवशी रक्त घ्यायचं, मेंदूच्या मेलेल्या पेशींतून त्यात झिरपलेलं एक द्रव्य मोजायचं, आणि माणूस कितपत सावरेल याचा अंदाज बांधायचा—गेली कित्येक वर्षं हेच त्याचं काम. अभ्यास पुरा होईपर्यंत आकडा घरच्यांना कळता कामा नये, हा नियमही त्याचाच. शेकडो माणसांवरून काढलेला अंदाज एकट्याच्या कपाळी चिकटवू नका, असं तो नव्या लोकांना तावातावाने सांगायचा. आणि बायकोची वेळ आली तेव्हा तिच्या रक्ताची नळी शिपायाकडे न देता स्वतःच्याच खिशात घातली, धडधड जिने उतरला, यंत्रात लावली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आकडा इतका वर गेला होता की अशी माणसं पुन्हा नीट बोलताना त्याने फारशी पाहिली नव्हती.

पण तिच्या नळीत रक्तावर सुटलेलं पाणी तांबूस होतं. दुपारी प्रयोगशाळेत दुसऱ्याच कुणाची नळी उजेडाकडे धरली, त्यातलं वर आलेलं पाणी स्वच्छ पिवळं होतं, आणि त्याला भयंकर राग आला—त्या अनोळखी माणसाचासुद्धा. रक्त हिंदकळलं की तांबड्या पेशी फुटतात, तेच द्रव्य त्यांच्यातही असतं, आकडा फुगतो. तांबूस नमुना सरळ टाकून द्यायचा, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणजे आकडा खोटा. की थोडासाच खोटा? त्यातला किती तिच्या मेंदूचा, आणि किती माझ्या जिन्यावरच्या धावण्याचा? मीच हिंदकळवलं ना ते... आता पुन्हा रक्त घेऊन उपयोग नाही, ती वेळ गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेवढ्यात वाचा-उपचार करणाऱ्या बाईंचा फोन आला. सकाळची रोजची वेळ त्यांनी त्याच्या बायकोसाठी अडवून ठेवली होती. उद्या ती वेळ दुसऱ्या कुणाला जाणार होती. त्याला आकडा आठवला. कळवतो, म्हणाला. मागच्या वेळीही हेच म्हणाला होता. बाईंचा उसासा त्याला ऐकू आला. बायको बोलावी असं याला वाटत नाही की काय, असंच त्यांना वाटलं असणार.

संध्याकाळी ताईने बायकोकडून शब्द म्हणून घ्यायची चित्रं त्याच्या हातात दिली आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्याने किल्लीचं चित्र धरलं. बायकोचे ओठ जुळले, सुटले. "कि... क..."

"किल्ली," तो म्हणाला. मग कंगवा. तोही त्यानेच सांगितला.

पुढचं चित्र तिने डाव्या हाताने पालथं घातलं.

"तू गप्प बस," ती म्हणाली. स्पष्ट. अडखळल्याशिवाय.

आतून ताई धावत आली आणि रडायलाच लागली. त्याला मात्र ठाऊक होतं—रागात असे ठरीव शब्द आपसूक सुटतात, त्यावरून पुढचं काही सांगता येत नाही. असं असतंच, तो मनाशी म्हणू लागला, आणि मधेच त्याला तिचा संताप आला, चांगला जुना, संसारातला. दिवसभर मी मरतोय आणि वर मीच गप्प बसू? भांडणात शेवटचा शब्द कायम हिचाच! कित्येक दिवसांत तो तिच्यावर असा चिडलाच नव्हता. चिडावं इतकी ती समोर आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

"नाही बसणार," तो म्हणाला.

तिने मान वर केली. तोंड उघडलं. उत्तर शोधू लागली. ते कोणतं, याचा त्याला अजिबात अंदाज नव्हता, आणि ते सहन होईना. सुचेल तो शब्द तिच्या तोंडात कोंबावा असं वाटत असतानाच तो दातांवर दात घट्ट दाबून बसला.