सरळ केलेली चाल

मित्रांनो, मी एक जुनी, ओरखडे पडलेली सीडी आहे. माझ्या पोटात संगीत लिहिण्याचं सॉफ्टवेअर आहे. माजलगावात लग्नपत्रिका संगणकावर जुळू लागल्या, त्या दिवसांत योगीराजच्या डीटीपी सेंटरात मी आले.

योगीराजचे वडील सोमलिंगअप्पा महादेवाच्या देवळात भजन म्हणत. त्यांच्या घशात गाठ झाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता. गुरूंनी दिलेली आरतीची चाल फक्त त्यांना आणि पत्नी बसम्मांना येई. ती मागे राहावी, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं.

"टेपवर भर की," अप्पा म्हणाले.

"टेप झिजते, अप्पा. आता कंप्युटरचा जमाना हाय."

योगीराज सीडी घ्यायला गेला, त्या दुकानात आम्ही दोघी होतो. दुसरी साधी, सारेगमची अक्षरं छापायची, दोन सुरांमधल्या ओढीलाही खूण द्यायची. मी इंग्रजी पद्धतीने पाच रेघांवर सुरांचे टिपके छापायची आणि वाजवूनही दाखवायची. त्या रेघा योगीराजच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हत्या. तरी त्याने मलाच उचललं.

अप्पा गात, योगीराज कीबोर्डवर सूर शोधी.

"अप्पा, सरळ म्हणा की! मधल्या सुराला बटनच न्हाई."

"लेकरा, तिथंच तर देव हाय रे."

"मग देवाला म्हणावं, जरा बटनावर बसा!"

अप्पांनी दुखऱ्या घशाने चाल सरळ म्हटली. त्यांचं शेवटचं गाणं ते.

श्रावणी सोमवारी भजनी मंडळ माझ्याकडून शिकलेली आरती म्हणू लागलं. सकाळपासून निरंकार उपाशी असलेल्या बसम्मांनी जुनीच ओढ घेतली.

"माय, चुकायलीस तू! कंप्युटर चुकतो का? तू आपल्या टाळ्या वाजीव," योगीराज म्हणाला.

मंडळी हसली. गळ्याला पट्टी बांधलेले अप्पा जोरजोराने मान हलवू लागले.

"बघा, अप्पा कसे डोलायलेत! लई आवडलं त्यांना," योगीराज मंडळींना म्हणाला.

"अरे, न्हाई म्हणायलेत ते!" बसम्मा म्हणाल्या. टाळांच्या गजरात कुणी ऐकलं नाही. देवापुढे वाद नको म्हणून त्यांनी ओठ मिटले. पुढे त्यांनी आरती कधीच म्हटली नाही.

मित्रांनो, आम्हाला खुशाल निवडा, वापरा. पण जे जपायचं ते आमच्यात मावतं का, हे ज्याचं आहे त्याला विचारा. त्याला बोलता येतंय तोवर विचारा.