सातनंतरची तीन पावलं

दादाला नात झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. नातीला तिसरा महिना लागला आणि दादाच्या घशात गाठ सापडली. डॉक्टरांनी आढेवेढे न घेता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. दादाने विचारलं, "अदलाबदल नाही का होत?" डॉक्टर हसले नाहीत.

दादाचं पोट आवाजावर होतं. परदेशी सिनेमे आपल्या भाषेत येतात तेव्हा पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी आपली भाषा घालणं, हे त्याचं काम. चाळीस वर्षांत त्याने राजे केले, दरोडेखोर केले, दोनदा बोलणारा कुत्रा केला. त्याच स्टुडिओत मी पावलं वाजवायचे. मूळ बोलणं काढताना त्याच्याबरोबर पावलांचे आवाजही पुसले जातात, ते परत भरावे लागतात. पडद्यावरचा माणूस चालला की त्याच्या चालीने चालायचं. वाळूत चालला तर वाळूच्या पेटीत, पाण्यात चालला तर टबात. यात एकच नियम. डोळे पडद्यावरून हलवायचे नाहीत. नजर हलली की पाऊल चुकलंच.

लहानपणी दादा शाळेत गेला, मी घरी राहिले. त्याने मला बोटांवर दहापर्यंत मोजायला शिकवलं होतं आणि माझ्या कामाला तेवढं पुरत होतं. अक्षरं मला भाचीने, दादाच्या लेकीने, शिकवली, मी बावन्न वर्षांची झाल्यावर. तिच्या लहानपणीचं एक पुस्तक होतं, पानं सुटलेलं, परदेशी गोष्टीवरून आपल्या भाषेत केलेलं, डोंगऱ्या नावाच्या अवाढव्य माणसाचं. तिच्या वयाच्या सगळ्या पोरांनी ते वाचलं होतं. मी त्यावर दोन वर्षं घालवली. दादाने मात्र ते कधी उघडलं नाही. "दिवसभर कागद वाचून डोळे दुखतात, घरी परत तेच कशाला?" म्हणायचा.

आणि नात झाली त्याच वर्षी त्या पुस्तकाचा सिनेमा आमच्या स्टुडिओत आला. डोंगऱ्याचा आवाज दादाला मिळाला.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा सगळं भरून झालं होतं, शेवटचा प्रसंग सोडून. संध्याकाळी पाचला दादाला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. त्या दिवशी सकाळी नऊला आम्ही स्टुडिओत गेलो. माझ्या हातात दवाखान्याची पिशवी होती. टॉवेल, दोन सदरे, चमचा, आणि ते पुस्तक. तो बोलू शकणार नव्हता, तेव्हा मी वाचून दाखवीन असं मनात होतं.

वाटेत दादा म्हणाला, "बुटके, मजा आहे तुझी. उद्यापासून तुझं सगळं ऐकून घेईन. उलट बोलणार नाही."

मी म्हटलं, "चाळीस वर्षांनी का होईना, अक्कल आली."

दारात भोंगा बसला होता. भोंगा म्हणजे दुसरा आवाजवाला. आवाज दणकट, माणूस भिडस्त. आमच्याकडे एका पात्राला एकच आवाज, असा शिरस्ता. शेवटचा प्रसंग दादाला जमला नाही, तर फक्त तेवढाच भोंग्याच्या आवाजात होणार नव्हता. पहिल्यापासून सगळा डोंगऱ्या पुसून भोंग्याच्या आवाजात भरला जाणार होता.

दादाला बाकी कशाचं काही नव्हतं. जुने सिनेमे आता कोण लावतं? पण हा लहान मुलांचा सिनेमा होता, वर्षानुवर्षं चालणार होता. त्याने भाचीला सांगून ठेवलं होतं, "तुझी लेक मोठी झाली की हा दाखव. आजोबा बोलायचे कसे, ते तिला कळू दे." घरी कुणी कधी त्याचा आवाज टेप करून ठेवला नव्हता. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण जपून ठेवतं?

भोंगा उठून उभा राहिला. "दादा, मला बोलावलंय म्हणून आलो. नाही म्हणालो होतो."

"बस रे," दादा म्हणाला. "खडीसाखर आहे का? दे एक."

आत काम सुरू झालं. काम घेणाऱ्याला आम्ही स्टॉपवॉच म्हणायचो, कारण ते त्याच्या गळ्यात असायचं आणि बहुधा अंघोळीलाही निघत नसावं. काचेमागच्या खोलीत बसून आवाज टिपणाऱ्याला ससा म्हणायचो. कान लहानच होते त्याचे, पण पलीकडच्या गल्लीत कुणी शिंकलं तरी टेक थांबवायचा.

प्रसंग असा. एक नदी असते, तिच्या पाण्याला जो शिवेल तो दगड होतो. डोंगऱ्या पोरीला खांद्यावर घेऊन ती ओलांडतो. काठाला लागता लागता स्वतः दगड होतो आणि पोर त्याच्या हातावरून पलीकडे उतरते. सिनेमात हे सगळं धुक्यात होतं, डोंगऱ्या पाठमोरा. आणि चालता चालता तो पोरीला भाषण देतो. धीर सोडू नकोस, सूर्य रोज उगवतो, वगैरे. नऊ ओळी.

पहिल्या टेकला दादा चौथ्या ओळीपर्यंत गेला आणि आवाज फाटला. दुसऱ्याला तिसऱ्या ओळीवर. स्टॉपवॉच म्हणाला, "पाणी घ्या, दादा." अकरा वाजले, बारा वाजले. ओळी तोडून घेऊन पाहिल्या. पण तोडलेली प्रत्येक ओळ वेगळ्या माणसाची वाटत होती. एक जाड, एक घोगरी, एक नुसतीच हवा. ससा प्रत्येक वेळी कानावरचे हेडफोन काढून डोळे मिटायचा आणि मान हलवायचा.

एक वाजता दादा जेवला नाही. दोन वाजता 'सूर्य' म्हणताना त्याला खोकला आला आणि रुमाल तोंडावरून काढल्यावर त्याने तो घडी करून पटकन खिशात घातला. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं की मी पाहिलंय.

"दादा, पुरे," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस."

अडीच वाजता स्टॉपवॉच काचेमागून बाहेर आला. खाली बघत म्हणाला, "दादा, बावीस टेक झाले. मला वाईट वाटतंय. पण सोमवारी सिनेमा द्यायचाय. भोंग्याला आत घेऊ या."

दादाने कानावरचं काढलं, खुंटीला अडकवलं, परत काढून नीट अडकवलं.

माझ्या तोंडून निघालं, "पण पुस्तकात भाषण नाहीच आहे."

"काय?" स्टॉपवॉच म्हणाला.

"तो भाषण देत नाही. तो पावलं मोजतो."

"मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वाचलंय."

ससा काचेमागून मान उंचावून पाहायला लागला. वीस वर्षं मी तिथे सहीच्या जागी अंगठा उठवलेला त्यांनी पाहिला होता. शिकल्यावरही मी सवयीने अंगठाच देत होते, उगीच चर्चा नको म्हणून. स्टॉपवॉच हसला नाही, पण ओठ तसे झाले. "कुठलं पुस्तक?"

मी पिशवीतून टॉवेल काढला, सदरे काढले, तळातून पुस्तक काढलं. पान शोधायला वेळ लागला. भिंतीवरचं घड्याळ तेवढ्यात तीन मिनिटं पुढे गेलं. मग मी ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागले. भाचीसमोर वाचते तसं सरळ येईना. जोडाक्षराला जीभ अडखळत होती. कुणी मदत केली नाही, ते बरं झालं.

"डोंगऱ्याला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं. तो पोरीला म्हणाला, डोळे मीट. आकडे ऐकू येताहेत तोवर घाबरायचं नाही. दहा झाले की तो परत एकपासून सुरू करी. दुसऱ्या खेपेला तो सातपर्यंत आला आणि त्याचा गळा दगडाचा झाला. पाय मात्र अजून त्याचे होते. पोरीने आठ ऐकला नाही. पाऊल ऐकलं. मग आणखी एक. मग आणखी एक."

मी थांबले. दादा माझ्याकडे बघत होता. आधी वाटलं, पुस्तकातल्या गळ्याचं ऐकून बघतोय. मग लक्षात आलं, मला वाचताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"वीस पावलं आहेत," मी स्टॉपवॉचला म्हटलं. "सिनेमातही वीसच आहेत. काल मी भरली तेव्हा मोजली. ज्याने चित्र काढलं त्याने पुस्तक वाचलंय. भाषण मागाहून कोणीतरी चिकटवलंय."

स्टॉपवॉच धावत आत गेला. पडद्यावर धुकं आलं, ती मोठी पाठ हलू लागली. तो काचेमागे ओठांनी मोजत होता. वीसला पाठ थांबली.

"तोंड कुठेच दिसत नाही," ससा म्हणाला.

"तोंड दिसत नाही तिथे काय बोलायचं ते मी ठरवतो," स्टॉपवॉच म्हणाला. आवाज उगीच मोठा लावून, म्हणजे भीती वाटत होती. "सतरा आकडे. दादा, सतरा शब्द निघतील?"

दादाने खुंटीवरून कानावरचं काढलं.

"पण पावलाशी आकडा जुळला पाहिजे. वेगवेगळं नको, जोड दिला की पाण्याचा नाद तुटलेला कळतो. मावशी, टबात उतरा."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी गमबूट चढवले. पाणी कालचं होतं, गार. दादा माझ्यापासून चार हातांवर उभा. दिवे घालवले.

एक. मी पाऊल टाकलं. दोन. आवाज घोगरा होता, पण भक्कम. दगडावर दगड ठेवावा तसा. तीन, चार. दहापर्यंत काही अडलं नाही. परत एक. पाचनंतर प्रत्येक आकड्याच्या आधी श्वास ऐकू यायला लागला. सहा. सात. आणि बाजूला काहीतरी करकरलं. दादाने माइकचा दांडा घट्ट धरला होता.

माझी नजर पडद्यावरून हटली. दादा पडतोय असं वाटलं. आठवं पाऊल चुकलं, नववं पाण्यात नुसतंच घसरलं.

"कट," स्टॉपवॉच म्हणाला. मग हळूच, "अरे देवा. इतकं छान होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत न केलेली चूक त्या दिवशी केली. सतरा आकडे दादाने कुठून आणले होते ते मला माहीत होतं, आणि ते मी पाण्यात घालवले.

दादा भिंतीला टेकून उभा होता. "बुटके," म्हणाला, म्हणजे ओठ हलले आणि थोडी हवा आली. "माझ्याकडे कशाला बघतेस? मी पडलो तर आवाज येईलच."

काचेमागे ससा हसला आणि त्याने लगेच तोंडावर हात ठेवला.

"परत घ्यायचं?" स्टॉपवॉचने विचारलं.

दादाने एक बोट वर केलं. एकदाच.

दिवे गेले. मी पडद्यावरची पाठ अशी धरून ठेवली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पापणी हलवली नाही. एक. आवाज मघापेक्षा निम्मा होता. दोन. पाचला तो फाटला, पण दादा थांबला नाही, फाटलेल्या आवाजानेच सहा म्हणाला. दहा. मग इतका वेळ गेला की मला वाटलं संपलं. पडद्यावर पाठ उचलली, मी पाऊल उचललं, आणि पाऊल पाण्याला लागताना एक आला.

दोन. तीन. चार. पाच आला तो शब्द नव्हता, शब्दाची जागा होती. सहा. सात मी ऐकला, शपथेवर सांगते. ससा नंतर म्हणाला, यंत्रावर काटा जेमतेम हलला.

मग काहीच नाही.

मी पाऊल टाकलं. बाजूला बघायचं नाही. दुसरं टाकलं. बाजूला कसलाही आवाज नव्हता, श्वासाचाही नाही. मान वळवली तर सगळं गेलं. तिसरं टाकलं. पाठ थांबली. मी थांबले.

स्टॉपवॉचने कट म्हणायला खूप वेळ लावला. मी वळून पाहिलं तेव्हा दादा उभा होता, श्वास रोखून, माझ्या पावलांवर त्याच्या श्वासाचा आवाज चढू नये म्हणून. बाहेर बाकावर भोंगा दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता. त्याने खडीसाखरेची पुडी तशीच दादाच्या खिशात कोंबली आणि घरी गेला.

आम्ही पाचला दहा मिनिटं कमी असताना दवाखान्यात पोहोचलो. अर्जावर सोबत आलेल्या माणसाची सही हवी होती. मी सही केली.

पाच महिन्यांनी सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. दादाच्या गळ्याला रुमाल, मांडीवर नात. डोंगऱ्या मोजायला लागला तसं थिएटर गप्प झालं. सातनंतर पावलं तेवढी राहिली, तेव्हा पुढच्या रांगेतली एक धिप्पाड बाई हुंदका देऊन रडायला लागली आणि तिचा नवरा "अगं, लोक बघताहेत" म्हणता म्हणता स्वतःच नाक पुसायला लागला. दादाने माझ्या मनगटावर बोट आपटलं. आठ. नऊ. दहा. नात दिवे गेल्यापासून दिवे परत लागेपर्यंत झोपली होती. तिने तो सिनेमा पुढे चार वर्षांची झाल्यावर पाहिला, आणि डोंगऱ्या बोलला की ती पडद्याजवळ जाऊन उभी राहायची.

दादा नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या अकरा दिवस आधी, बुधवारी दुपारी सव्वादोन वाजता गेला. चौसष्ट वर्षांचा होता.