फाईलच्या माथ्यावर एकच नाव

कडुबाची नोकरी मी घालवली. सरळच सांगतो, आडवळणं घेऊन उपयोग नाही.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात वजनकाट्यांना जोडायचे संगणक बनत. काट्यावरचं वजन संगणकाच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत, पोचवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कडुबानं लिहिला होता. हे काम मला शिकवलंही त्यानंच, स्वतःच्या डब्यातली भाकरी खाऊ घालत.

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या जानेवारीत एक दिवस बंद होता. सिल्लोडची एसटी सुटली नाही, म्हणून कडुबा आला नाही. मी जवळच राहणारा, चालत पोचलो. रिकामा बसलो की माझे हात शिवशिवतात. त्याचा ड्रायव्हर उघडला आणि साफसफाईला लागलो. एका ठिकाणी काटा संगणकाला जोडणाऱ्या कार्डावरून वजन लागोपाठ दोनदा वाचलेलं दिसलं. घाईत चुकून दोनदा लिहिलं असेल, म्हणून एक ओळ उडवली. मोठा शहाणा मी!

बदल करणाऱ्यानं फाईलच्या माथ्यावर आपलं नाव घालायचं, असा नियम होता. मी घातलं नाही. गुरूच्या कामावर स्वतःचं नाव लावायची लाज वाटली. त्याला सांगायचं होतं, तेही राहून गेलं.

महिनाभरात जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून बोंब आली. काटा आधीच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीला दाखवत होता. ते कार्ड पहिल्यांदा वाचलं की शिळा आकडा देई, खरा दुसऱ्यांदा.

साहेबांनी ड्रायव्हरची फाईल छापलेला कागद टेबलावर आपटला. माथ्यावर कडुबाचं एकट्याचं नाव. कडुबानं कागद खालपर्यंत वाचला आणि माझ्याकडं पाहिलं. मी पुढच्या महिन्यात कायम होणार होतो. मी नजर खाली घातली. साहेबांनी त्याला तिथल्या तिथं काढलं.

फाटकापाशी मी त्याला गाठलं. रडू आवरत नव्हतं. "कडुबा, ती ओळ मी काढली रे. आत्ता जाऊन सांगतो साहेबांना."

"ठावं हाय मला. आता नको सांगू. तुझीबी जाईल."

"मग आत का बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तू बोलशील."

तो निघून गेला. मी साहेबांना काही सांगितलं नाही. त्यानंच नको म्हटलं होतं ना. आठवलं की अजून काळीज तुटतं. त्याचं म्हणणं इतक्या पटकन मी कधीच ऐकलं नव्हतं.