दोन भाकऱ्यांवरची लाट

जर्मनीत, कोलोनमधल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात द्रौपदीबाई दिवसभर पायात चपला घालून बसत. सकाळची बुद्धवंदना झाली की शाल अंगावर, चपला पायात आणि खुर्ची दाराशी. आल्या होत्या लेकीच्या बाळंतपणाला, पण बघणाऱ्याला वाटावं, बाई एसटीची वाट बघतेय.

आणि शेजारी स्टुलावर त्यांची ती उतरंड! ताटलीवर पालथा पेला, पेल्यावर वाटी, वाटीत चमचा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीकडच्या त्यांच्या पत्र्याच्या वस्तीत घरोघरी अशी उतरंड उशाशी असे. जमीन जरा हलली की वाटी खणकन खाली, आणि माणसं बाहेर. त्या भूकंपाच्या पहाटे द्रौपदीबाई बाहेर ओट्यावर झोपल्या होत्या आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा, संघर्ष, आत आजीजवळ. पुढचं काय सांगायचं! ही लेक, मैत्री, त्यानंतर झाली, पत्र्याखालीच.

आता जर्मनीत कुठला आलाय भूकंप, असं तुम्ही म्हणाल. पण हे वॉशिंग मशीनला कोण सांगणार? गेल्या आठवड्यात मशीन कपडे पिळताना असं काही घुमलं की वाटी पडली. बाईंनी सात महिन्यांच्या गरोदर लेकीचा हात धरला आणि चार जिने उतरून थेट रस्ता गाठला. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेकर, म्हणजे बेकरबाई, ब्रेड घेऊन येत होत्या, त्या तोंडात बोट घालून बघतच राहिल्या.

वर आल्यावर मैत्री चिडून म्हणाली, "आई, इथं भूकंप होतच नाहीत!"

चुकलंच तिचं. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत नोकरी करणाऱ्या पोरीने असं बोलू नये.

"मग तुला पगार कशाचा देतात गं?" द्रौपदीबाई म्हणाल्या, आणि जावयाला, अश्वजितला, सोमवारचं परतीचं तिकीट काढायला लावलं. "माझ्याच्यानं ह्या माळ्यावर लेकरू सांभाळणं व्हायचं न्हाई."

मैत्रीने समजावलं, अबोला धरला, एकदा रडूनही पाहिलं. बाई काही बधल्या नाहीत.

शनिवारी दुपारी मैत्रीचा फोन टिणटिणला. तो टिणटिणला की कुठेतरी जमीन हललेली असायची. चपला घालूनच भाकऱ्या थापणाऱ्या द्रौपदीबाईंनी नेहमीचंच विचारलं, "किती माणसं गेली?"

"गेली नसावीत गं कुणी. फिजीजवळ, समुद्राखाली झालाय. मध्यम आहे, आणि फार खोल. लातूरहून मुंबई जेवढी लांब ना, तेवढा सरळ खाली." एवढं बोलून मैत्रीला काहीतरी सुचलं. "आई, त्याची लाट अजून इथं पोचायचीय. पृथ्वीच्या पोटातून येतेय."

बाईंचा हात पिठातच थांबला. "येतीय? आन् तू बसून ऱ्हायलीस?"

"तूही बस. दोन भाकऱ्या होईस्तोवर येईल."

तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. पडद्यावर एक सरळ रेघ सरकत होती. संस्थेच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवलेल्या यंत्राची. पहिली भाकरी झाली. दुसरी तव्यावर फुगायला लागली आणि रेघ थरथरली, मग चांगली उसळली. द्रौपदीबाईंनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. नजर मात्र स्टुलावर. वाटी ढिम्म. आतला चमचासुद्धा वाजला नाही.

"गेली?"

"गेली. आपल्या पायाखालून."

"हात्तिच्या!" बाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या. मग लेकीकडे वळल्या. "ही येतीय म्हणून तू आधी सांगितलंस. मग त्या येळी आमाला का न्हाई गं कुणी सांगितलं?"

हा प्रश्न कधीतरी येणार, हे मैत्रीला शाळेपासून ठाऊक होतं. खरं तर त्याच्यापायीच ती हे शिकली होती.

"आई, हा आधी होऊन गेला, मग त्याची लाट निघाली. व्हायच्या आधी नाही कळत. आणि त्या दिवशी मी खोटं बोलले. इथंही होतात, बहुतेक लहानच. पण केव्हा, ते नाही सांगता येत."

"एवढ्या मशिनी लावून बी?"

"एवढ्या मशिनी लावूनही. कुणालाच नाही."

भाकरी करपायला लागली, तरी बाई तव्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"कुत्री केकाटत व्हती त्या पहाटे. मी जागी झाले आन् कूस बदलून झोपले. इतकी वर्षं वाटतंय, आईला तरी कळायला पायजे व्हतं."

"तुलाही कळलं नसतं, आई. मलाही नसतं कळलं."

द्रौपदीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडल्या. मैत्रीने शेगडी बंद केली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले. चपला काढल्या, दाराशी नेऊन नीट जोडीने ठेवल्या. मग स्टुलावरची उतरंड मोडली. ताटली, पेला, चमचा मोरीत टाकले. वाटी मात्र पदराने पुसून लेकीच्या हातात दिली.

"ही आत ठेव. बाळाच्या टाळूला तेल कोमट करायला व्हईल. आन् जावईबापूंना सांग, सोमवारचं ऱ्हाऊ द्या म्हणावं."