पाठीसाठी मऊ स्प्रिंगा

नया रायपूरला माझ्याकडे राहायला न येण्याचे बाबांनी एकच कारण दिले होते, आणि ते तपासून पाहता येण्यासारखे होते.

“तुह्या गाडीत माह्या पाठीले दचके बसते, अनू,” ते म्हणाले होते. “तिथंवर जिवंत पोचलो पाह्यजे ना.”

बाबा, म्हणजे बाबाराव, मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून ते जुन्या रायपुरातल्या गुढियारीत रुळांलगतच्या दोन खोल्यांत एकटे राहत. हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि कण्यातला एक मणका दबला. डॉक्टरांनी चालण्याफिरण्याची मुभा दिली, हादरे मात्र टाळायला सांगितले. इस्पितळातून घरी आणताना माझ्या गाडीत अंडरब्रिजखालच्या खड्ड्यावर त्यांनी वरची कडी घट्ट धरली होती आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ते मी आरशात पाहिले होते. त्यामुळे त्यांच्या कारणाला माझ्या लेखी पुरावा होता. एका निरीक्षणावर निष्कर्ष उभारू नये, असे मी प्रयोगशाळेत इतरांना रोज सांगते.

मी शासनाच्या भूजल प्रयोगशाळेत रसायनज्ञ आहे. कार्यालये नव्या राजधानीत हलली तेव्हा मी तिथेच सदनिका घेतली. तिथे रस्ते आधी झाले. माणसे नंतर यायची होती. सहापदरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दिवे संध्याकाळी वेळेवर लागतात आणि त्यांच्या उजेडात बहुधा एखादे कुत्रे रस्ता ओलांडते, तेही सावकाश, कारण घाई करण्यासारखे काही येत नसते. आमच्या इमारतीत बहुतेक खिडक्या अंधाऱ्या होत्या. रविवारी माझ्या तोंडून निघणारा पहिला शब्द दूधवाल्याला उद्देशून असे, आणि तो ‘अर्धा’ असा असे. पुष्कळदा तो शेवटचाही ठरे. ही तक्रार नव्हे, वर्णन आहे.

आतली खोली मी बाबांसाठी तयार ठेवली होती. पलंग कडक, उशी पातळ, न्हाणीत धरायला दांडी. राहिला होता फक्त प्रवास.

गाडीचा दोष शोधणे अवघड नव्हते. ती मी एका भांडेवाल्याकडून घेतलेली. तो तिच्यातून पातेली आणि डबे वाहून नेत असे आणि त्यासाठी त्याने मागे जाड तारेच्या कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. भरलेल्या गाडीला त्या योग्यच. परंतु स्प्रिंग कडक आणि वर वजन थोडे असले की तिला दबायला कारणच उरत नाही. खड्डा जसाच्या तसा बसणाऱ्यापर्यंत पोचतो. भांडेवाल्याची गाडी भांड्यांसह सुखात चालत असणार. मी तिच्यात एकटी बसत होते.

बाजारातल्या एका दुकानदाराने मला स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायची रबरी कडी दाखवली. ती लावली की गाडी ‘मक्खन’ चालते, असे त्याचे म्हणणे. वेढ्यात रबर कोंबल्यावर स्प्रिंग आणखी कडक होईल, मऊ कशी होईल, असे मी विचारले. त्यावर त्याने भाईसाहब कधी येतील असे विचारले. मी तिथून निघाले आणि गुढियारीतल्या लहानू मिस्त्रीकडे गेले. लहानू मूळचा वर्ध्याकडचा; बाबांची आणि त्याची बोली एकच.

गाडीखालून बाहेर सरकत तो म्हणाला, “मॅडम, इथं जो येते तो म्हणते, उच्ची कर, कडक कर. तुम्हीच पहिल्या, नरम मांगून राहिल्या.”

“बाबांना न्यायचं आहे. पाठीचं दुखणं आहे त्यांचं.”

“बाबारावजीले? हव, मंग बरोबर आहे. पण आयका, नरम केल्यावर डिकीत तांदळाचे कट्टे भरसान तर गाडी बसून जाईन, अंड्यावरच्या कोंबडीवानी.”

“कट्टे कशाला भरीन? मी एकटीच असते.”

“मंग एकटीले कायची चिंता!” असे म्हणून त्याने पाना उचलला.

त्याने जाड स्प्रिंगा काढून बारीक तारेच्या, मूळ मापापेक्षाही थोड्या मऊ अशा बसवल्या. सोबत चारही शॉकअप नवे घातले. हा माझा आग्रह होता. स्प्रिंग धक्का पोटात घेते आणि शॉकअप तिचे डुलणे थांबवतो. एक बदलून दुसरा तसाच ठेवला तर गाडीची होडी होते. लहानूने मागच्या बाजूवर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली आणि स्थिर झाली.

“पालखी झाली,” तो म्हणाला. “आता भोई शोधा.”

बाबांना बसवण्याआधी चाचणी आवश्यक होती. त्यांच्या वजनाएवढा तांदळाचा कट्टा, म्हणजे भरलेले पोते, मी मागच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला, आणि मोबाइलमध्ये कंपन मोजण्याची सोय होती म्हणून तो कट्ट्यावर बांधला. गुढियारीतून अंडरब्रिजखालून, गतिरोधकांवरून, थेट माझ्या इमारतीपर्यंत आम्ही गेलो. ‘आम्ही’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरलेला नाही. तो तसाच आला. अंडरब्रिजच्या अलीकडे मी मोठ्याने “आता खड्डा आहे हं” असे म्हणाले, हेही प्रयोगाच्या प्रामाणिकपणासाठी सांगायला हवे. जुन्या स्प्रिंगांवर घेतलेल्या आलेखात जिथे सुळका होता तिथे आता टेकडी होती. कट्ट्याने काही प्रतिक्रिया दिली नाही, पण मला समाधान वाटले आणि ते आलेखापेक्षा जरा जास्तच होते.

रविवारी सकाळी मी बाबांना न्यायला गेले. गाडी मऊ झाल्याचे कळवल्यावर ठरले असे की आधी दिवसभर राहून पाहायचे आणि मानवले तर पुढच्या आठवड्यात सामान हलवायचे. ओट्यावर शामराव बसले होते. ते निवृत्त इंजिन ड्रायव्हर. बाबांची आणि त्यांची अर्धी नोकरी एकाच मालगाडीच्या दोन टोकांना झाली होती.

“काहो गार्डसाहेब,” शामराव म्हणाले, “निघाले राजधानीले? मंत्री झाल्यावर वळख ठेवजा.”

“तू मले वळखशीन का पण? जनमभर माह्याकडं पाठ करून बसला.”

“समोर पाहू का तुह्या झेंड्या पाहू?”

“झेंडी पाह्यली असती तं त्या दिवशी सिग्नलले झोपला नसता!”

शेजारच्या लताबाई दारात येऊन हसल्या आणि बाबांच्या हातात त्यांनी डबा दिला. त्यांच्याकडून रोज दुपारी येणारा जेवणाचा डबा, त्या दिवशी फक्त सकाळीच. बाबांनी तो मांडीवर धरला. गाडीत बसताना त्यांनी सवयीने वरची कडी पकडली.

मी वेग नेहमीचाच ठेवला. बरेच अंतर गेल्यावर मागून आवाज आला, “अंडरब्रिज आला का?”

“मागं गेला, बाबा.”

“गेला?”

“कधीचा. काही जाणवलं?”

“नाही वो. काहीच नाही.” त्यांनी कडी सोडली आणि हात डब्यावर ठेवला. आरशात त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. तो मला थकवा वाटला. मणका, वय आणि लवकर उठणे ही तीन कारणे मी मनात मांडली आणि तिन्ही पुरेशी वाटली.

घर त्यांनी नीट पाहिले. पलंग दाबून पाहिला, न्हाणीतली दांडी धरून पाहिली आणि “मजबूत आहे” असे म्हटले. आम्ही लताबाईंचा डबा खाल्ला. मी त्यांना आतल्या खोलीत पडायला सांगितले. थोड्या वेळाने पाहिले तर ते गच्चीत उभे होते, दोन्ही हात कठड्यावर, पूर्वी मालगाडीच्या शेवटच्या डब्याच्या, ब्रेकव्हॅनच्या, कठड्यावर ठेवत तसे.

“झोप नाही आली?”

“काही हालत नाही इथं,” ते म्हणाले. “तिकडं मालगाडी गेली का खाट हालते. हालली का डोळा लागते.” मग खालच्या रस्त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “इथून कोण जाते?”

“सध्या कोणी नाही. पुढं वस्ती होईल.”

“तू हापिसात गेली का मी कोनाशी बोलू? ट्यूबलाइटशी?”

मी दिवसा सोबतीला बाई ठेवता येईल असे सांगितले. टीव्हीचे सांगितले. शामरावांना महिन्यातून दोनदा आणता येईल, आता गाडी मऊ झाली आहे, तेही सांगितले. बाबांनी सगळे ऐकून घेतले.

“अनू, मालगाडीच्या मांगं गार्ड एकटाच राहते. पुढं अर्धा कोस डबे. इंजिन दिसत नाही, ड्रायव्हर दिसत नाही. जंगलात गाडी उभी राह्यली का वाटे, हे लोक आपल्याले इथंच सोडून गेले. मंग इंजिन हाले. खटखट खटखट एकेक डबा ताणत यायचा, अन् शेवटी माह्या डब्याले झटका बसे. असा झटका, का चहा सांडे. पण समजे, जुळून आहो. सारी नोकरी मी मांगं एकटा बसलो. आता नाही बसत.”

“मग पाठीचं काय?”

“पाठ दुखते. दुखत नाही असं नाही. पण कारण ते नव्हतं.”

“काहून नाही सांगितलं मग?”

“तुले वाईट वाटलं असतं. वाटलं, पाठीचं सांगतलं का इलाज नाही, पोट्टी गप्प बसन.” ते थोडे हसले. “तू तं गाडीच बदलून आनली.”

आजारी माणसाकडे एक सभ्य कारण होते. ते मी मिस्त्रीच्या पान्याने काढून टाकले होते आणि त्याच्या जागी त्यांना खरे बोलावे लागले होते.

“खोली चांगली केली तू,” ते म्हणाले. “एक विचारू? ही खोली माह्यासाठी केली का तुह्यासाठी?”

“तुमच्यासाठी,” मी म्हणाले. उत्तर फार लवकर आले. प्रयोगशाळेत असे उत्तर आले तर मी नमुना पुन्हा तपासते.

“मंग तूच ये तिकडं राहाले. बस येते तुह्या हापिसाची.”

बस येत होती, हे खरे. परंतु त्या दोन खोल्यांत खाट एकच मावते आणि ओट्यावर संध्याकाळी जागा ठरलेल्या आहेत. शामरावांची, लताबाईंची, बाबांची. माझी जागा तिथे होती तेव्हा मी शाळेत होते. ती कोणी हिरावली नाही. मी उठले आणि बाकीचे सरकून बसले. हे त्यांना कसे सांगावे ते कळले नाही, म्हणून “पाहू” म्हणाले. त्यांनीही “पाह्य” म्हटले. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ दोघांना ठाऊक असतो.

दिवेलागणीला मी त्यांना परत सोडले. शामराव ओट्यावरच होते.

“आले मंत्रीसाहेब! खुर्ची गेली का एका दिवसात?”

“सरक तिकडं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज सकाळपेक्षा मोठा होता.

त्यांनी उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय जमिनीवर टेकवला. त्यासरशी गाडीची मागची बाजू वर उठली. कडक स्प्रिंगांवर हे दिसले नसते. स्प्रिंग जितकी मऊ, तितके त्याच वजनाने तिचे दबणे अधिक, आणि वजन गेल्यावर उठणेही अधिक. एक हडकुळा म्हातारा उतरला तरी दिसते. ते किती, याचा हिशोब मला येत होता. मी तो केला नाही.

“पुढच्या रविवारी येतो का रे बाबा फिराले?” मी विचारले. लहानपणी मी त्यांना असे एकेरीत बोलत असे.

“गाडी चांगली आहे. येईन,” ते म्हणाले. “संध्याकाळी परत आनून सोडजो फक्त.”

अंडरब्रिजखाली वाहने तुंबली होती. मी खड्ड्यावरून गेले असावे, कारण तो आरशात मागे दिसत होता. हाताला, पाठीला, कशालाच काही कळले नव्हते. वर पुलावर मालगाडी उभी होती. मी इंजिन बंद केले आणि काच खाली घेतली. दूर कुठेतरी, स्टेशनच्या बाजूला, तिचे इंजिन हलले असावे. पहिली खटखट पुसट आली, मग जवळ, मग डोक्यावरून, एकेका डब्यातून पुढच्या डब्यात जात, आणि गुढियारीच्या टोकाला शेवटच्या डब्यापाशी जाऊन थांबली. चाके फिरू लागली. मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला.

“दीदी, चलो ना! सो गई क्या?”

मी गाडी सुरू केली.